आत्या कुणाच्या घरची होती, भाऊ?

भाऊ, तुझ्या तेरवीला लोकांनी तुला बिडी ओढायला लावली.

मी बुंदी वाढत होते. पंगतीतल्या एका पाव्हण्यानं मान वर करून विचारलं, "काय झालतं वो भाऊले?" मी तोंड उघडायच्या आत मागून वहिनी बोलली, "फुप्फुसाचा कॅन्सर." पाव्हणा चुकचुकला. "बिडीनं घात केला म्हना," म्हणाला. त्याच्या शेजारचा म्हणाला, "मी पाह्यलं ना. वावरात बसून वढे तो." कुठं पाहिलं, कधी पाहिलं, देव जाणे. कुणी बिडी पेटवली की जो खोकत खोकत उठून धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचा, तो माणूस बुंदी संपेपर्यंत पट्टीचा बिडीबाज होऊन गेला. आणि मी? अकोल्याला जठारपेठेत माझ्याकडे ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बाया माझ्या तोंडाला टरकून असतात, ती मी गुपचूप पुढच्या पत्रावळीत बुंदी टाकली. का गप्प बसले, हे मला अजून कळलेलं नाही. तुला विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, "जेवू दे ना लोकायले. काहून बखेडा करतं?"

तर इथं लिहिते. तुला स्तनाचा कर्करोग झाला होता. लिहिलं बघ, आणि काही आभाळ कोसळलं नाही. तू त्याला नुसतं 'ते' म्हणायचास. वहिनी म्हणायची 'छातीचं'. छातीचं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात फुप्फुस येतं, फुप्फुस म्हटलं की बिडी येते, आणि असं करत करत तुझं दुखणं बाईचं होतं ते पुरुषाचं झालं. म्हणजे नवरा बिडीनं गेला हे चालेल, पण बाईच्या आजारानं गेला हे चालणार नाही? मी पंगत उठल्यावर वहिनीला हे विचारायला माजघरात गेले होते. तिच्या डोळ्यांखाली इतकं काळं झालंय भाऊ, की भांडायला गेलेली मी तिचे केस विंचरून परत आले.

कशानं झालं, हे मात्र मला कुणीतरी नीट सांगायला हवं होतं. सगळ्यांनी सांगितलं आणि म्हणूनच माझा गोंधळ झाला.

तुझं पहिलं कारण पंपाचं. वांग्यांवर फवारा मारायचा तो पाठीवरचा पंप, त्याचा उजवा पट्टा तुटलेला. नवीन टाकू, टाकू म्हणत तू सगळा भार डाव्या पट्ट्यावर घेऊन बडनेऱ्याचं अख्खं शिवार फिरलास. त्यामुळं डाव्या छातीवर गाठ लागली, तेव्हा तू ती पट्ट्याच्या नावावर टाकून मोकळा झालास. मेडिकलवाल्याला न दाखवताच त्याच्याकडून मलम आणलंस. मग बनियनवर तपकिरी डाग यायला लागले. वहिनीला वाटलं धुऱ्यावरच्या केळीचा चीक आहे. तिनं लिंबू लावून घासलं. डाग गेला आणि परत आला. मग एके दिवशी तिचा मला फोन, "बाई, तुमचे भाऊ या हप्त्यात केळीत गेलेच नाई. मंग डाग काहून येऊन राह्यला?"

मी दुसऱ्याच दिवशी अकोल्याहून सकाळची पॅसेंजर पकडून बडनेऱ्याला उतरले. तू ओट्यावर सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होतास.

"बनियन काढ," मी म्हटलं.

"तू काय डॉक्टर हाय?"

"जलमभर बायायच्या छातीचं माप घेऊन राह्यली मी. तुयी काय सोन्याची हाय?"

तू हसलास. हसत हसत बनियन काढलंस. मी हसत नव्हते. छातीवरचं बोंड आत ओढलं गेलं होतं आणि त्याच्या खालची गाठ बोटानं दाबली तर हलत नव्हती. तसलीच गाठ मी आधी एकदा पाहिली होती, आणि कुठं ते मला तिथल्या तिथं आठवलं. पण मी म्हटलं एवढंच, "सदरा घाल. अमरावतीले जाऊ."

तिथली गंमत तू पुढं सगळ्या आळीला सांगितलीस, फक्त दवाखान्याच्या ठिकाणी कचेरी घालून. ती आता खरी सांगते. तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर सगळ्या बाया आणि मधोमध तू, टोपी मांडीवर घेऊन. दारातल्या बाईनं आपल्या दोघांकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "पेशंटनं आत यावं. भाऊ, तुमी इथंच बसा." आणि तू बसलास की रे! इतका पटकन बसलास, की जणू तू खरंच मला घेऊन आला होतास. वर माझ्याकडे हात केलास. "दे पर्स, मी धरतो." मीही वेड्यासारखी पर्स तुझ्याकडे देऊन आत गेले. आतली पोरगी म्हणाली, ताई, पदर काढा. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. "अवो बाई, पेशंट बाहेर हाय. पर्स घेऊन बसला."

बाकावरच्या सगळ्या बाया हसल्या. त्यांच्यात एकीचं डोकं औषधानं केस जाऊन गुळगुळीत झालेलं होतं, तीही हसली. तू पर्स माझ्या हातात दिलीस आणि टोचून घ्यायला निघालेल्या पोरासारखा आत गेलास. बाहेर आल्यावर म्हणालास, "त्या मशीनमंदी धरावं इतकं बी नाई वं माह्याजवळ. पन धरलं बिचारीनं." त्या दिवशी आपण बडनेऱ्याच्या स्टेशनाबाहेर भजी खाल्ली. निकाल यायचा होता आणि आपण हसत होतो. मला तो दिवस आठवला की आधी हसूच येतं, मग स्वतःचाच राग येतो, मग परत हसू येतं.

डॉक्टर मॅडमनी निकाल सांगितला तेव्हा मी शेजारीच होते. पुढचे प्रश्न सुरू झाले तेव्हा तू मला बाहेर घालवलंस. "काय इचारलं तुले?" मी रस्त्यात विचारलं. "तुले सांगता येत नाई," तू म्हणालास आणि ऑटोवाल्याशी कापसाच्या भावावर बोलत बसलास. मग पुढच्या कितीतरी भेटींत ते एकेक करून बाहेर आलं. वजन कधीपासून वाढलं, दारू किती, यकृताचा काही जुना त्रास. तू म्हणालास, कावीळ झाली होती, माळ घालून उतरवली. मॅडमनी विचारलं कसली माळ, तर तू त्यांना डोक्यावर ठेवलेली माळ आपोआप कशी लांबत लांबत पायापर्यंत जाते ते समजावून सांगितलंस. त्यांनी ऐकून घेतलं म्हणे. मग लहानपणी छातीला कसले किरण दिले होते का. गालगुंड झालं होतं का, आणि झालं तेव्हा खाली सूज आली होती का. या प्रश्नाला तू मला बाहेर घालवलं होतंस ते बरोबरच केलंस. गालगुंड तुला आणि मला एकदमच झालं होतं, आठवतं? आईनं गेरूचा लेप लावून दोघांच्या डोक्याला फडकी बांधली होती आणि आपण आरशासमोर उभे राहून एकमेकांना माकड म्हणत होतो.

आणि मग मॅडमनी विचारलं, घरात आधी कुणाला हे झालं होतं का?

तू म्हणालास, नाही.

हे मला कळलं तेव्हा पोळा तोंडावर आला होता. तुझं ऑपरेशन होऊन टाके निघाले होते. तुझा डावा हात वर होत नव्हता म्हणून मी तुझ्यासाठी समोरून बटणांची मऊ कापडाची बंडी शिवून आणली होती. तू ती घालून ओट्यावर बसला होतास आणि सहज बोलता बोलता म्हणालास, मॅडम रक्ताची कसली तरी तपासणी कर म्हणतात, घराण्यातून येतं का ते पाहायला, पण मी नको म्हटलं, आपल्या घरात कुणालाच नाही तर कशाला?

"अन् आत्या?" मी म्हटलं.

"कोनती आत्या?"

"कोनती म्हंजे? यमुना आत्या. तिले काय झालतं?"

तू खरोखर गोंधळलास. ते सोंग नव्हतं, मी तुझा चेहरा ओळखते. "ते आपल्या घरची कुठं?" तू म्हणालास. "ते तं अकोल्याची."

भाऊ, बाबांची सख्खी बहीण. बाबांच्या पाठची. लग्न करून अकोल्याला दिली म्हणून तिचं आडनाव बदललं, देव बदलले, तिचं दुखणंखुपणं तिच्या सासरचं झालं. ती आजारी पडली तेव्हा माहेरी सगळे हळू आवाजात म्हणायचे, तिच्या सासरी असंच काहीतरी आहे, पाणी चांगलं नाही तिथलं. तिनंच माझं लग्न अकोल्यात जमवलं होतं, म्हणून मी जवळ होते. तिच्या जखमेची पट्टी मी बदलायचे. एका बाजूला कापसाची गादी घातलेला ब्लाउज मी आयुष्यात पहिल्यांदा शिवला तो तिच्यासाठी. तिनं आरशात पाहून दोन्ही खांदे सारखे केले आणि म्हणाली, "आता कोनाले समजत नाई ना वं?" ती गाठ मी तेव्हा पाहिली होती. तुझ्या छातीवर परत पाहिली.

"अन् ते मेली तवा लुगडं घेऊन कोन आलतं?" मी तुला विचारलं. "माहेरचं लुगडं पांघरल्याबिगर बाईले उचलत नाई. तूच आलता ना हिरवं लुगडं घेऊन? परकी व्हती तं कायले आलता?"

तू बंडीचं बटण काढलंस, लावलंस.

"मंग मी कोनाच्या घरची?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. आतून वहिनी दारात येऊन उभी राहिली. "सांग ना. मी बी अकोल्याचीच का?"

तू म्हणालास, "चाय घेतं काय?"

हे तुझं उत्तर. मी चहा न घेता निघाले आणि बडनेऱ्याच्या फलाटावर गाडी येईपर्यंत तुला मनातल्या मनात शिव्या घालत बसले. त्यानंतर तू कितीदा तरी फोन केलास. वांगी पाठवलीस, सांभार पाठवला, हिरव्या मिरच्या पाठवल्यास, सगळं एसटीच्या कंडक्टरच्या हातानं. पण त्या प्रश्नाचं उत्तर पाठवलं नाहीस. मीही परत विचारलं नाही. तू दिवसेंदिवस वाळत चालला होतास, आणि वाळत चाललेल्या माणसाशी कोण भांडतं?

मी मग एकदा तुला न सांगता मॅडमकडे गेले. म्हटलं मला एकदा सरळ सांगा, कशानं झालं? पंपानं? विहिरीच्या पाण्यानं? आळीतल्या एकानं तर ठामपणे सांगितलं होतं की डाव्या खिशात मोबाइल ठेवल्यानं झालं, आणि तू त्या दिवसापासून मोबाइल विजारीच्या खिशात ठेवायला लागला होतास. मॅडम म्हणाल्या, पट्ट्यानं गाठ होत नाही. मोबाइलनं होतं असं काही दिसलेलं नाही. पुरुषालाही ते थोडं मांस असतंच, म्हणून त्यालाही होतं, फक्त बायांपेक्षा खूप कमी, आणि कमी म्हणून कुणी पाहत नाही, आणि पाहत नाही म्हणून उशीर होतो. वय वाढलं की धोका वाढतो. अंगावर चरबी वाढली किंवा यकृत खराब झालं की पुरुषाच्या अंगातही बाईचं संप्रेरक जास्त होतं, त्यानं धोका वाढतो. आणि घराण्यात कुणाला असेल तर वाढतो, बापाकडून असो की आईकडून. "पण मग भाऊचं कशानं?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, धोका वाढतो म्हणजे होतंच असं नाही, आणि काहीच नसलं तरी होतं कधी कधी. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही मला सांगताय की गोंधळात टाकताय? त्या म्हणाल्या, दोन्ही. मला ती बाई आवडली. आत्याचं सांगायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण ते तू सांगायचं होतंस. तुझं घर, तुझं रक्त, तुझी जीभ. मी न सांगता परत आले.

यंदाच्या भाऊबीजेला तू उठून बसू शकत नव्हतास. पाठीला उशा लावून तुला बसवलं. तुझे डोळे पिवळे झाले होते, आणि या वेळी कुणी माळ आणली नाही. मी ओवाळलं. तू माझ्या ताटात ओवाळणी ठेवलीस आणि माझं मनगट धरलंस. "सुने," माझं लहानपणचं नाव घेऊन म्हणालास, "तुले एखादवेळी फोन येईन. अनोळखी नंबर असला तरी उचलजो." मी म्हटलं, कुणाचा फोन? तू डोळे मिटलेस. वहिनीनं मला डोळ्यानं खुणावलं, औषधानं असंच बरळतात म्हणून. मी तुझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, "हो, उचलीन." वेड्याला हो म्हणावं तसं म्हटलं.

तुरीच्या शेंगा भरत होत्या तेव्हा तू गेलास.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी जठारपेठेत परतले. एका नवरीचे ब्लाउज अडकून पडले होते. मशीनवर बसले आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. मी असले फोन कधी उचलत नाही, कर्ज हवं का विचारणारे असतात. हात मागं घेतला आणि तुझं मनगट धरणं आठवलं.

मॅडम होत्या. त्यांनी आधी तुझ्याबद्दल वाईट वाटलं म्हणून सांगितलं. मग म्हणाल्या, दसऱ्याच्या आधी तुमचे भाऊ एकटे आले होते. एकटा? तुला तर ओट्यावरून खाली उतरवत नव्हतं. तर म्हणे ऑटो करून आलास, खुर्चीत बसलास आणि म्हणालास, "मॅडम, मी मागं खोटं बोललो. घरात झालतं. माह्या आत्याले झालतं." आणि रक्त दिलंस. निकाल यायला वेळ लागतो, तो मुंबईहून येतो, म्हणून मॅडमनी विचारलं, तुमच्या घरातल्या कुणाला सांगू? बायकोला की मुलीला? तू म्हणालास, "पयले माह्या बहिनीले सांगा. जठारपेठले राह्यते. घरची हाय ते."

मी मशीनवरून पाय काढला. मला नीट ऐकू येत होतं तरी मी म्हटलं, परत सांगा. त्यांनी परत सांगितलं. घरची आहे ती.

मग त्यांनी उरलेलं सांगितलं. दोष सापडला आहे. जन्मतःच रक्तात येणारा. आत्याला होता असणार, बाबांनाही असणार. बाबा म्हातारे होऊन गेले, त्यांना काही झालं नाही, पण त्यांच्यातून तो तुझ्यात आला. मग माझ्यात आला असेल की नाही, ते नाणं उडवल्यासारखं आहे. आलाच असेल तरी आजार होईलच असं नाही, पण मग सावध राहावं लागेल, वेळेवर तपासण्या कराव्या लागतील. तुझ्या लेकीचं, पूर्वाचंही तसंच. आणि मला दोष असला तर माझ्या रोहितचंही. रोहितला मी पुण्याला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "पण आई, मी तर पुरुष आहे." मी म्हटलं, तुझा मामाही पुरुषच होता.

भाऊ, आता मला सांग, मी काय करू? हसू की रडू? मी तुला ओट्यावर भर दुपारी विचारलं, मी कोणाच्या घरची, आणि तू चहा विचारलास. आणि मग न सांगता, त्या हातानं, त्या पायानं ऑटो करून अमरावतीला जाऊन एका परक्या बाईला उत्तर देऊन आलास. मला दिलं असतंस तर काय बिघडलं असतं? तुझ्या तोंडून ऐकायचं होतं मला. ते वाक्य माझ्यापर्यंत आलं तेव्हा त्याच्या मागून हे दुसरं आलं. घरात घेतलंस तर कशात घेतलंस, लेका! वाटणीत नाही, पंगतीत नाही, या रक्तात. कधी वाटतं तू माझा जीव वाचवायला गेला होतास. कधी वाटतं तू मला भीती देऊन गेलास. दोन्ही खरंच असेल. मला निवडता येत नाही.

एक वेडा विचार सांगते, तुझ्याशिवाय कुणाला सांगणार? माझ्या रक्तात काही निघालं नाही तर मी आनंदानं पेढे वाटीन. पण त्या क्षणी मनात कुठंतरी असंही येईल की घ्या, इथूनही बाहेर काढली. आहे ना वेडेपणा? तू असतास तर म्हणाला असतास, "डोकं फिरलं काय वं तुयं?" म्हण ना.

मी परत बडनेऱ्याला गेले आणि वहिनीला आणि पूर्वाला समोर बसवून सगळं सांगितलं. वहिनी एकदम उठली. "बाई, पोट्टीचं लगन जमून राह्यलं. तुमाले मालूम हाय. आता हे काहून काहाडता? गेलेल्या मानसाचं गेलं ना?" तिची भीती मला कळते. मी तिला चूक म्हणू शकले नाही आणि बरोबरही म्हणू शकले नाही. मी पूर्वाकडे पाहिलं.

तुझी पोरगी भिंतीला टेकून बसली होती. तुझ्यासारखीच गप्प. मला वाटलं आता हीही चहा विचारेल. ती म्हणाली, "आई, बाबाले तू बिडी वढायले लावली. मले काही झालं तं मले काय वढायले लावशीन?"

वहिनी खाली बसली. तिनं पदर तोंडाला लावला. बाहेर कुणीतरी भाजीवाला ओरडत गेला. मग वहिनी पदराआडून म्हणाली, "लोकायले मी काय सांगू वो बाई? मले ते शब्द येत नाई तोंडातून." आणि मग, आणखी हळू, "तेयले बिडीचा वास बी सहन व्हये नाई." आणि रडली. तेरवीपासून ती पहिल्यांदा मोकळी रडली, मी सांगते तुला. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले आणि तिच्यावर रागावायचं माझं कायमचं राहून गेलं.

पूर्वा मला स्टेशनवर सोडायला आली. गाडी दिसायला लागली तेव्हा म्हणाली, "आत्या, तू जाशीन तवा मी बी येतो. पन पयले तू दे रक्त, मंग मी." म्हटलं बरं. तिनं मला आत्या म्हटलं तेव्हा मला यमुना आत्या आठवली, हिरवं लुगडं आठवलं. माझ्यासाठी ते लुगडं तू आणायचं होतंस. ते आपल्यात ठरलेलंच होतं, कुणी कधी बोललं नसलं तरी. आता ते कोण आणेल, हे मी पूर्वाला विचारणार होते, पण तिचं वय हे विचारण्याचं नाही.

सोमवारी जायचं ठरलं आहे. मी ब्लाउज पुरे करून नवरीला देऊन टाकले. तुझ्या बंडीच्या मऊ कापडाचा एक तुकडा उरला होता, तो मशीनच्या खणात आहे, त्याचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.

त्या बाकावर परत बसायचं आहे, भाऊ. दारातली बाई माझ्याकडे आणि पूर्वाकडे पाहील आणि या वेळी तिचा अंदाज चुकणार नाही. पेशंट मीच. ती म्हणेल, आत या. मी उठेन, आणि मला माहीत आहे, सवयीनं माझा हात डावीकडे जाईल, जिथं तू टोपी मांडीवर घेऊन बसला होतास. दे, मी धरतो, असं म्हणायला तिथं तू नसशील. मी क्षणभर पर्स हातात घेऊन तशीच उभी राहीन.